काटा वाटूर फाट्यावरच का चढला?

सेलूहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"काका, नमस्कार. मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, महिन्यातून दोनदा येतात. घरी सासू-सासरे, दोन मुलं आणि २०१५ ची पेट्रोल गाडी. ७८ हजार किलोमीटर झालेत. गाडी मीच चालवते. शाळा, बाजार आणि महिन्यातून एकदा आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेणं. महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर होतात. मे महिन्यात परत येताना वाटूर फाट्यावर नवरदेवाची वरात आडवी आली. पंधरा मिनिटं गाडी जागेवर उभी. आधी एसीची हवा गरम यायला लागली, मग काटा चढला आणि बोनेटमधून वाफ निघाली. हॉटेलवरच्या पोराने बोअरचं पाणी ओतून दिलं, तशीच थांबत थांबत घरी आणली. इथला मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. एका सर्व्हिस सेंटरने १८,४०० चं एस्टिमेट दिलंय: ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, अलाइनमेंट. मामा, म्हणजे सासरे, म्हणतात, ट्रॅक्टरला जन्मात एवढं केलं नाही, चालतीय तोवर चालव. शेवटची सर्व्हिसिंग दीड वर्षापूर्वी झाली. यातलं गरजेचं काय? मला घरी काय करता येईल? गॅरेजमध्ये बाईने काही विचारलं की पोरं एकमेकांकडे बघून हसतात, म्हणून तुम्हाला विचारते."

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेनाने रेघ ओढली आहे: "आधी एसीची हवा गरम यायला लागली, मग काटा चढला." इंजिन खोलायचं की नाही, याचा अर्धा निकाल त्या वाक्यातच आहे. तुमच्या मेकॅनिकने ते विचारलं नसावं, किंवा तुम्ही सांगितलं असेल तर त्याने कान दिला नसावा.

गाडीच्या नाकाशी दोन जाळ्या असतात, एकीमागे एक. पुढची एसीची, मागची रेडिएटरची. त्यांच्या मागे विजेवर चालणारा पंखा असतो, तो दोन्ही जाळ्यांमधून वारा ओढतो. गाडी साठ-सत्तरच्या वेगाने पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच एवढा असतो की पंख्याची गरज पडत नाही. पंखा महिनाभर बंद पडलेला असला तरी जालना रोडवर तुम्हाला कळणारही नाही. पण वरात आडवी आली, चाकं थांबली, वारा थांबला. आता सगळा भार पंख्यावर. तो फिरला नाही तर आधी पुढची जाळी तापते, म्हणून एसीतून गरम हवा येते. मग मागच्या जाळीतलं पाणी तापतं आणि काटा चढतो. तुमच्या गाडीत सगळं अगदी याच क्रमाने घडलं.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचा झाकणासारखा भाग, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसणारं पॅकिंग. ते गेलेली गाडी बहुतेक वेळा लोडवर तापते. चढावर, भरल्या गाडीत, वेगात. पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, हे लक्षण पंख्याकडे बोट दाखवतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी एकतीस वर्षं गेली, पत्रावरून गाडीचं निदान ठामपणे करता येत नाही हे मी जाणतो. पण इंजिन खोलायच्या आधी पंखा बघायचा, यात मला तिळमात्र शंका नाही. आणि ताई, अठरा हजारांच्या त्या यादीत पंखा कुठेच नाही.

तो तुम्ही घरीच बघू शकता. सकाळी गाडी थंड असताना आधी कूलंटच्या बाटलीत पातळी बघा. खाली गेली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालून खुणेपर्यंत आणा. मग इंजिन सुरू करा, एसी पूर्ण चालू करा आणि बोनेट उघडून उभ्या राहा. ओढणी, पदर, मोकळे केस, काहीही त्या बाजूला झुकू देऊ नका, कारण हा पंखा कधीही अचानक सुरू होतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरसुद्धा फिरतो. एसी लावल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत तो फिरायला हवा. नाही फिरला तर इंजिन बंद करा आणि मेकॅनिकला सांगा की आधी फ्यूज बघ, मग रिले, मग मोटर. याच क्रमाने. फ्यूज काही रुपयांचा असतो. मोटर गेली असली तरी तिचा खर्च इंजिन खोलण्याच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

मात्र एक शक्यता मोकळेपणाने सांगतो. दोष पंख्याचा असला तरी त्या दिवशी इंजिन एवढं तापलं असेल की त्यात गॅस्केट दुखावलं गेलं असेल. म्हणून तेही तपासायचं, पण न खोलता. थंड इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून खालच्या बाजूने बघा आणि ऑइलची पट्टी ओढून बघा. पट्टीवरचं तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी तेलात गेलंय. नुसत्या झाकणाला थोडी साय दिसली आणि पट्टीवरचं तेल स्वच्छ असलं तर घाबरू नका. शाळा-बाजाराच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, तेव्हा ओलाव्याने अशी साय धरते. दुसरं, कूलंटच्या बाटलीवर पेनाने खूण करा आणि चार दिवस बघा. कुठेही गळती नसताना पातळी खाली जात असेल, किंवा इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर शंका खरी. मग मेकॅनिककडून दोन गोष्टी करून घ्या: रेडिएटरची प्रेशर टेस्ट आणि इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट. दोन्ही बाहेरून होतात. या दोन्हींचा निकाल समोर आल्याशिवाय कुणालाही हेड खोलू देऊ नका.

आता त्या बोअरच्या पाण्याबद्दल. त्या पोराने माणुसकीने दिलं, आणि त्या घडीला तेवढंच हाताशी होतं. पण ते पाणी आजही तुमच्या इंजिनात फिरतंय आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

आपल्याकडचं बोअरचं पाणी कसं असतं, हे स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या बाईला मी काय सांगावं! त्यात डाळ लवकर शिजत नाही. गिझरच्या कॉइलवर, हंड्याच्या बुडाशी पांढरी खपली बसते. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उष्णतेने बाहेर पडून तापलेल्या धातूला चिकटतात, तीच ती खपली. इंजिनाच्या आत नेमकं हेच होतं. रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद असतात, त्यात खपली बसली की वाट आणखी अरुंद होते. शिवाय खपलीतून उष्णता सहज पार होत नाही, म्हणजे पाणी फिरत राहतं पण इंजिन थंड होत नाही. पंखा नवा बसवला आणि हे पाणी तसंच ठेवलं, तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा कुठल्यातरी फाट्यावर उभ्या असाल.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी, असं बरेच जण समजतात. काही गॅरेजवालेही. त्यात ग्लायकॉल असतं, त्याने उकळण्याचं तापमान वर जातं. आणि धातू खाल्ला जाऊ नये म्हणून त्यात गंजरोधक रसायनं असतात. आजकालचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात, साध्या पाण्याने ते आतून खाल्ले जातात. ही रसायनं वर्षागणिक संपत जातात, म्हणून रंग छान दिसला तरी कूलंट ठराविक मुदतीने बदलायचं. मुदत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. तुमच्या बाबतीत मुदतीचा प्रश्नच नाही, ते आताच काढायचं.

मेकॅनिकला सांगा, सगळं पाणी काढ, डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालव, पुन्हा काढ. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीत घालतात ते. मग नवं कूलंट. ते दोन प्रकारचं मिळतं. एक तयार, तसंच ओतायचं. दुसरं घट्ट, त्यात साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं. डब्यावर लिहिलेलं असतं, ते तुम्ही स्वतः वाचा. घट्टमध्ये पाणी न घालता तसंच ओतलं तरी चालत नाही, कारण नुसतं ग्लायकॉल पाण्यासारखी उष्णता वाहून नेत नाही. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळू नका. भरून झाल्यावर पंखा आपोआप सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवून आतली हवा काढायला सांगा, नाहीतर हवेचा फुगा अडकून गाडी पुन्हा तापते. याच वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, उघडतो का तेही बघून घ्या.

उरलेला डबा मुलांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही असा ठेवा. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा गोठ्याकडे ओतू देऊ नका. कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं.

जाळ्याही बाहेरून बघा. सेलू-मानवत पट्ट्यात कापसाच्या हंगामात रस्त्यावर रुई उडत असते. ती, धूळ आणि किडे मिळून एसीच्या जाळीवर चक्क गोधडी तयार होते. नळीच्या साध्या पाण्याने, शक्यतो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवायला सांगा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की जाळीचे पत्रे वाकतात.

आणि पुन्हा कधी काटा चढलाच, तर हे मुलांनाही पाठ करून ठेवू द्या. काटा अर्ध्याच्या वर सरकताना दिसला की लगेच एसी बंद. काचा खाली करून हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. मे महिन्यात हे वेड्यासारखं वाटेल, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. जागा मिळताच गाडी बाजूला. वाफ दिसली किंवा काटा लाल रेषेला टेकला की इंजिन बंद, आणि रेडिएटरच्या झाकणाला हात नाही. झाकणाने आतलं पाणी दाबून धरलेलं असतं, त्या दाबाखाली ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात वाफ होऊन वर उसळतं. माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तो डाग आहे. भोकरदनच्या रस्त्यावर, घाईत, अंगातल्या शर्टाने झाकण धरून त्याने फिरवलं होतं. मी दोन पावलांवर होतो आणि "थांब" म्हणेपर्यंत झालं. तेव्हापासून मी भेटेल त्याला हे सांगत आलोय. किमान पाऊण तास थांबायचं. रेडिएटरची वरची नळी हाताला गार लागली, की जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवायचं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतायचं नाही, हेड तडकतं.

एस्टिमेटबद्दल आता. ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, हे करा. यात मागेपुढे बघू नका. इंजिन फ्लश, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं, नको. गाडीच्या पुस्तकात कंपनीने सांगितलं नसेल तर ते काम तुमच्या गाडीचं नाही. दहा वर्षांच्या इंजिनात आतला मळ एकदम सुटून तेलाची जाळी तुंबण्याची भीती असते. इंजेक्टर क्लीनिंग, गाडी झटके देत नसेल, ॲव्हरेज अचानक पडलं नसेल तर नको. अंडरबॉडी कोटिंग कोकणात, खाऱ्या हवेत समजू शकतो. सेलूत दहा वर्षं जुन्या गाडीला ते कशाला? एसीच्या निर्जंतुकीकरणाऐवजी डॅशबोर्डच्या आतला केबिन फिल्टर बदलून घ्या, आत्यांना धुळीचा त्रास असेल तर जाणवण्याएवढा फरक पडेल. अलाइनमेंट, स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल तरच.

ब्रेक ऑइलवर थोडं थांबतो, कारण कागदावरची ही ओळ लोक सगळ्यात आधी खोडतात. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेतं. आपण झाकण उघडलं नाही तरी, रबरी नळ्यांतून, हळूहळू. डॉट-३ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेलं मात्र १४० च्या आसपासही उकळू शकतं. उतारावर सारखा ब्रेक दाबला की चाकाशी उष्णता वाढते, ते उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचं पेडल नुसतं आत जातं. सेलू-जालना रस्ता सपाट आहे म्हणून आजवर निभावलं. कधी मुलांना घेऊन म्हैसमाळला गेलात, कन्नडचा घाट उतरलात, तर? साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आणि त्या बाटलीत इंजिन ऑइल चुकूनही जाऊ देऊ नका, ब्रेकची सगळी रबरं फुगतात.

मामांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना एकच विचारा: ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरची तेलाची वाटी मळणीच्या दिवसांत किती वेळा धुता? ते सांगतील, आणि बारकाईने सांगतील. ट्रॅक्टरचं ऑइल मीटरवरचे तास बघून बदलतात हेही सांगतील. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-लोण्याने मळताना ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना राबणाऱ्याची निगा शिकवावी लागत नाही. कारच्या बाबतीत एवढंच की तिचा फिल्टर कागदाचा असतो आणि डब्यात झाकलेला असतो, म्हणून दिसत नाही. चार क्लिपा काढून तो मामांच्या हातात द्या. उन्हात धरून बघू द्या. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर ते स्वतःच म्हणतील, बदल.

ऑइलचंही तसंच. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं असतं. लोक दहा हजार लक्षात ठेवतात आणि वर्ष विसरतात. त्याच पुस्तकात पुढे कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो: धुळीचे रस्ते, कडक उन्हाळा, छोट्या छोट्या फेऱ्या. हे तर आपल्याच गावाचं वर्णन झालं. म्हणून मी मराठवाड्यातल्या गाड्यांना पाच हजार किंवा सहा महिने म्हणतो, फार तर आठ महिने. तुमच्या शेवटच्या सर्व्हिसिंगला दीड वर्ष झालं आहे, ती दिरंगाई या आठवड्यात भरून काढा. ऑइलचा ग्रेड पुस्तकात बघून सांगा, "कोणतंही चांगलं टाका" म्हणू नका. दर पंधरा दिवसांनी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर पट्टी ओढा, पुसा, पुन्हा घालून ओढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर गेलेलंही वाईट.

पेट्रोलबद्दल एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं. तुमची २०१५ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. तिच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या, सील जुने झालेत. सर्व्हिसिंगला त्या वाकवून बघायला सांगा, भेगा असतील तर बदला. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर तो त्याच दिवशी शोधायचा.

टायर. इथे तुम्हाला आजच्या आज एक काम सांगतो. टायरच्या बाजूवर 'डॉट' या इंग्रजी अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तुमच्या पत्रात टायर बदलल्याचा उल्लेख नाही, म्हणून धास्ती वाटते. चारांपैकी कुठल्याही टायरवर शेवटचे दोन आकडे १५ किंवा १६ असतील, तर नक्षी कितीही शाबूत दिसू दे, तो टायर आत्यांना घेऊन हमरस्त्यावर न्यायचा नाही. रबर वयाने वाळतं, आणि आपल्या उन्हात लवकर वाळतं. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, कायद्यानेही तो टायर संपला. एसटीत आम्ही त्याला गोटा म्हणायचो.

"उन्हाळा आहे, हवा दोन पॉइंट कमी ठेवा," हा सल्ला तुम्हाला प्रत्येक पंक्चरवाला देईल. ऐकू नका. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच तापते. उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात त्यामागे बऱ्याचदा कमी हवाच असते. ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की खांबावर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा खरा. पाच माणसं आणि सामान असेल तर त्याचा वेगळा आकडा तिथेच दिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. पळून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पॉइंट जास्त दिसतात, ते काढायचे नाहीत. दर वेळी स्टेपनीतही हवा बघा. आणि एकदा अंगणात, काही अडचण नसताना, जॅक लावून चाक बदलून बघा. नट आधी चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक. पान्यावर हाताचा जोर पुरला नाही तर पाय देऊन उभ्या राहा.

पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने गेलात तर आपली काळी माती चाकाच्या आतल्या बाजूला, रिमला थापून बसते आणि वाळून दगड होते. मग ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगला धावतो. आधी नळीने रिमची आतली बाजू धुवून बघा.

बाकीचं थोडक्यात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडी करून व्हॅसलिन लावा. बॅटरी काढायची वेळ आली तर वजाची वायर आधी सोडायची. वायपरचं रबर मृगाच्या आत बदला. गाडी कडब्याच्या गंजीजवळ लावू नका, उंदीर वायरी कुरतडतात.

आणि ते हसण्याचं. मला वाचून वाईट वाटलं. ज्या बाईने तापलेली गाडी थांबत थांबत सुखरूप घरी आणली आणि काय आधी झालं, काय नंतर, हे क्रमाने लक्षात ठेवलं, तिने मेकॅनिकचं अर्धं काम केलेलं आहे. एक दोनशे पानी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय बदललं, किती पैसे. गॅरेजमध्ये ती वही उघडून बोला. काम सुरू करायच्या आधी यादी लिहून घ्या, आणि यादीबाहेरचं काही करायचं तर आधी फोन कर, असं सांगा. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागा, फिल्टरसुद्धा. पहिल्या वेळी मामांना बरोबर न्या. राखण करायला म्हणून नव्हे. त्यांना यंत्राची समज आहे, आणि तुमच्या बाजूने ती उभी राहिली तर घरातलाही प्रश्न सुटेल.

पंखा आणि टायरचा उलगडा होईपर्यंत गाडी गावातच ठेवा. आत्यांची पुढची तपासणी त्याआधी आली तर सेलू स्टेशनवरून संभाजीनगरला रेल्वे आहे, त्यांना तिने न्या. एखादी फेरी गैरसोयीची होईल, होऊ द्या.

उद्या सकाळी एसी लावून पंखा फिरतो का बघा आणि चारही टायरवरचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन्ही मला कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.

तुमचा,
काका